अ‍ॅक्युपंक्चर घेण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं? (नाशिक) अनुभव नकोत, माहिती हवी

द्राक्षमांडव
द्राक्षाची गोडी छाटणी झाली की पुढे घड विरळणीचे दिवस येतात. मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात खांद्याच्या वर. दिंडोरी, पिंपळगाव, ओझर पट्ट्यातली निम्मी माणसं मान आणि खांदा धरून बसतात. गोळ्या खाऊन पित्त वाढलं की कुणीतरी सांगतं, शहरात जाऊन सुया टोचून घ्या. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, जिकडे तिकडे पाट्या आहेत.

"माझ्या मावशीला तीन सिटिंगमध्ये फरक पडला" किंवा "सगळं थोतांड आहे" असे प्रतिसाद कृपया नकोत. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनीच लिहावं. सुई कशी असते? एकच सुई पुन्हा वापरतात का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर? कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही? किती सिटिंग?

सूक्ष्मटोक
सुईपासून सुरुवात करतो, कारण भीती तिचीच असते. इंजेक्शनची सुई पोकळ आणि तिरकी कापलेली, म्हणून ती मांस कापत आत जाते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव, स्टेनलेस स्टीलची, टोक निमुळतं. ती तंतू बाजूला सारत आत शिरते. रोजच्या वापरातली सुई ०.२५ मिमी जाडीची आणि २५ किंवा ४० मिमी लांबीची. चेहऱ्याला ०.१८ ते ०.२० मिमी. कुल्ल्याच्या जाड स्नायूत ०.३० मिमी जाडीची, ७५ मिमीपर्यंत लांब. तुलना करायची तर २६ नंबरची इंजेक्शनची सुई साधारण ०.४५ मिमी आणि २३ नंबरची ०.६ मिमी असते.

बहुतेक जण प्लॅस्टिकची बारीक नळी वापरतात. नळी त्वचेवर टेकवायची, सुईचा दांडा नळीच्या वर ३-४ मिमी राहतो, त्यावर बोटाने टिचकी मारायची. सुई तेवढीच आत जाते. मग नळी काढून हवी तेवढी खोली गाठायची. टिचकीच्या क्षणी जे टोचतं तेवढंच टोचणं.

पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक, आत एक, पाच किंवा दहा सुया. पाकिटावर तीन गोष्टी बघा: वापराची अंतिम तारीख, इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्याची खूण, आणि वर्तुळात २ हा आकडा व त्यावर तिरकी रेघ. या शेवटच्या खुणेचा अर्थ "दुसऱ्यांदा वापरू नका". पाकीट ओलं, फाटलेलं किंवा आधीच उघडलेलं असेल तर दुसरं मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गोदाघाट
काही ठिकाणी पेशंटच्या नावाची छोटी डबी ठेवतात. त्याच्या सुया त्यालाच, स्पिरिटमध्ये बुडवून. हे चालतं ना? म्हणजे दुसऱ्याचा रोग लागायचा प्रश्नच नाही.

पांढराडबा
नाही, चालत नाही. मी सुईटोचणी अपघात आणि जैव कचरा हाच विषय बघते, म्हणून स्पष्ट लिहिते. स्पिरिटने त्वचा पुसणं ठीक आहे, पण सुई स्पिरिटमध्ये बुडवून निर्जंतुक होत नाही. जिवाणूंचे बीजाणू त्यात मरत नाहीत. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही निदान सात दिवस टिकतो. डबीवर नाव तुमचं असलं तरी संध्याकाळच्या घाईत कुणाची डबी कुणासमोर उघडली हे कोण सांगणार? आणि जंतू बाजूला ठेवले तरी, वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं, कधी सूक्ष्म आकडा तयार होतो. तशी सुई जास्त दुखते आणि काळंनिळं पडतं.

काढलेल्या सुया कुठे टाकतात तेही बघा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे धारदार वस्तूंसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, न फुटणारा, न गळणारा डबा लागतो. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. सुया स्टीलच्या ट्रेमध्ये गोळा करून ट्रे आत नेत असतील तर पुढे त्यांचं काय होतं हे विचारा. उत्तर देताना समोरचा गडबडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

द्राक्षमांडव
ताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं. खूण करून ठेवली.

निद्रादेवी
भूलशास्त्रातला आहे, त्यामुळे थोडं कडू लिहितो. सुई सुरक्षित असणं हा एक प्रश्न आणि सुईने फरक पडणं हा दुसरा. दुसऱ्यावर मनात आकडे ठेवूनच बसा.

जर्मनीत २००७ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन गट होते: शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर सुया, आणि औषधं-व्यायामाचे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण शंभरात अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४. पहिले दोन आकडे परत बघा. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया बऱ्याच पुढे, पण खऱ्या सुया आणि खोट्या सुया जवळजवळ बरोबरीत.

नंतर २०१८ मध्ये ३९ अभ्यास आणि २०,८२७ रुग्णांचा कच्चा तपशील एकत्र करून विश्लेषण झालं. पाठ, मान, खांदा, गुडघा, जुनी डोकेदुखी. तिथे खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस निघाल्या, पण थोड्याच फरकाने. काहीच न करण्याच्या तुलनेत फरक बराच मोठा, आणि एक वर्षाने त्यातला साधारण १५ टक्केच ओसरलेला.

गंमत पुढे आहे. जर्मनीने २००६ मध्ये सरकारी विम्यातून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर मान्य केलं, डोकेदुखीसाठी नाकारलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंत सुचवलं, मात्र २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी "देऊ नका" म्हटलं. म्हणजे बरोबर उलट! दोघंही मूर्ख नाहीत. "कशाच्या तुलनेत?" या प्रश्नाचं उत्तर दोघांनी वेगळं धरलं. खोट्या सुईशी तुलना केली तर फायदा चिमूटभर, नेहमीच्या उपचारांशी केली तर ओंजळभर.

माझ्या क्षेत्रातलं एक मात्र मान्य करतो. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या एका बिंदूवर चांगला पुरावा जमा झाला आहे.

सूक्ष्मटोक
निद्रादेवी यांच्या आकड्यांशी वाद नाही. एकच भर घालतो. "खोटी सुई" ही औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय नसते. त्वचेत कुठेही सुई गेली की नसांना संदेश जातोच. त्यामुळे त्या तुलनेत फरक बारीक दिसतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की "आमच्याकडेच अचूक बिंदू सापडतो, बाकी सगळे चुकतात" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर कमी विश्वास ठेवा. मी या व्यवसायात असूनही हे लिहितोय.

दुखणं सोडून भलते दावे ऐकले तर उठा. मधुमेह बरा करतो, किडनी पूर्ववत करतो, जन्मतः बहिऱ्या मुलाला ऐकू आणतो, चष्मा घालवतो. यातलं एकही सिद्ध नाही.

खांदेपालट
फिजिओथेरपीवाली. मूळ प्रश्न मान-खांद्याचा आहे आणि नेमकी तीच जागा सगळ्यात जपून टोचायची असते, म्हणून सविस्तर लिहिते.

मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध जो उंचवटा असतो, तिथे जीबी-२१ हा बिंदू आहे. डोक्यावर पाटी वाहणाऱ्यांचा किंवा दिवसभर हात वर धरणाऱ्यांचा तो स्नायू दगडासारखा होतो, त्यामुळे प्रत्येकाला तिथेच सुई हवी असते. त्या स्नायूच्या खाली फुप्फुसाचं टोक आहे. पाठीच्या वरच्या भागात, कण्याच्या दोन्ही बाजूंना, त्वचेपासून फुप्फुसाचं आवरण एक ते दोन सेंटिमीटरवर असू शकतं, सडपातळ माणसात त्याहूनही कमी. आता २५ मिमीची सुई सरळ उभी, पूर्ण आत घातली तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

आवरणाला छिद्र पडलं की हवा बाहेर साचते आणि फुप्फुस आकसतं. न्यूमोथोरॅक्स म्हणतात त्याला. हे दुर्मीळ आहे. जर्मनीतल्या २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत असे दोनच निघाले. पण त्या पाहणीतले सुया टोचणारे प्रशिक्षित डॉक्टर होते हे विसरू नका.

बरोबर पद्धत अशी: स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि त्या उचललेल्या मांसातच सुई आडवी घालायची. पाठीच्या वरच्या भागात सुई तिरकी आणि उथळ, टोक कण्याच्या दिशेने. छातीवर पुढून तर आणखी आडवी. छातीच्या मधल्या हाडावरही सरळ उभी सुई नको. काही लोकांच्या त्या हाडात जन्मतःच छोटं भोक असतं, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं, आणि मागे हृदय आहे.

लक्षणं टेबलावरच दिसतील असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. श्वास घेताना एका बाजूला टोचणं, धाप, कोरडा खोकला, क्वचित खांद्याच्या टोकात दुखणं. "सुई लागलीय, थोडं दुखणारच" म्हणून घरी शेक घेत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, आणि "पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्या होत्या" हे वाक्य पहिल्यांदा सांगा. ते सांगितलं नाही तर ईसीजीवर वेळ जातो आणि छातीचा एक्स-रे मागे राहतो.

जाता जाता, आमच्याकडे जे ड्राय नीडलिंग करतात त्यात सुई हीच, पण ती स्नायूतल्या घट्ट गाठीत घालतात. स्नायू झटका मारतो, एक-दोन दिवस ठणकतं. आयुर्वेदातलं विद्धकर्म तिसरंच, त्यात बहुधा इंजेक्शनची पोकळ सुई क्षणभर टोचून काढतात. "सुया टोचतात" एवढ्यावर जाऊ नका, यांपैकी काय करणार आहेत ते विचारा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
वडिलांना इकोस्प्रिन (रक्त पातळ करणारी) आणि मधुमेहाची गोळी चालू आहे. बहीण चार महिन्यांची गरोदर, तिला कंबर. दोघांनाही चालेल का एवढंच सांगा.

पांढराडबा
एका ओळीत सांगण्यासारखं नाही दादा.

इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर साधारणपणे चालतं. काढल्यावर कापूस जास्त वेळ दाबायचा, थोडं काळंनिळं पडेल. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल या गोळ्या चालू असतील तर ताजा आयएनआर रिपोर्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) सोबत न्या. तो ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर असेल तर त्या दिवशी सुई नाही. मर्यादेत असला तरी खोल सुया नकोत, कारण खोल स्नायूतलं रक्त बाहेर दिसत नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत सुईसाठी या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सुईच्या काळ्यानिळ्या डागापेक्षा मेंदूतली गुठळी कितीतरी महाग पडते.

मधुमेहाच्या गोळीत खरी भानगड उपाशीपोटाची. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन, न जेवता टेबलावर पडले आणि घाम फुटला तर ती सुईची भोवळ की साखर उतरली, हे कळत नाही. ग्लुकोमीटर दवाखान्यात आहे का विचारा. पायाला बधिरता असेल तर पावलावर सुया शक्यतो टाळाव्यात, जखम झाली तर कळत नाही. आणि मोक्सा तर नकोच. मोक्सा म्हणजे नागदवण्याच्या जातीच्या वनस्पतीची वाळवून केलेली वळी पेटवून त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात. ज्याला चटका समजत नाही त्याला थेट फोड येतो. दमेकऱ्यांना तिचा धूरही सोसत नाही.

सूक्ष्मटोक
बहिणीचं मी सांगतो. आधी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांची हरकत नसेल तरी अंगठा आणि तर्जनीमधला एलआय-४, घोट्याच्या आतल्या बाजूला वर असलेला एसपी-६, घोट्यामागचा बीएल-६०, पायाच्या करंगळीच्या नखाजवळचा बीएल-६७, खांद्यावरचा जीबी-२१ आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडावरचे बिंदू परंपरेने गर्भारपणात टाळतात. पोटावर सुई नाही. चौकशीच्या वेळी "पाळी कधी आली होती" असं विचारलंच नाही, तर तो माणूस घाईत आहे असं समजा.

पेसमेकर असेल तर सुयांना वायर जोडून करंट देतात तो प्रकार नको. साधी सुई चालते. करंट देताना तो छातीच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाईल अशा जोड्या कुणालाच लावत नाहीत. हृदयाची झडप कृत्रिम असेल तर कानात दोन-तीन दिवस ठेवायच्या बारीक चिकटसुया नकोत, त्यातून शिरलेला जंतू झडपेवर बसू शकतो. त्याऐवजी चिकटपट्टीवरचे दाणे लावतात, त्वचा फुटत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई नको. निकेलच्या खोट्या दागिन्याने खाज येत असेल तर तेही आधी सांगा.

निद्रादेवी
यात एक यादी राहिली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, जांघेत बधिर झालं किंवा पाऊल लुळं पडलं. ताप आणि वजन घटणं. आधी कधी कर्करोग झालेला. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, वीज पडल्यासारखी डोकेदुखी. डावा हात आणि छाती भरून येणं. इथे सुई घेत बसलात तर नुकसान सुईने होत नाही, वाया गेलेल्या वेळाने होतं. आधी निदान, मग सुई.

कॉलेजरोडकर
सहमत. आता प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं तेही कुणी लिहा.

सूक्ष्मटोक
दीड-दोन तास आधी हलकं खाऊन जा. पोट तडस नको, रिकामंही नको. कोपर आणि गुडघ्याच्या वर सरकतील असे सैल कपडे. जीभ बघून निदान करणारा असेल तर सकाळी जीभ खरवडू नका, पान खाऊ नका, काळी द्राक्षं किंवा जांभळंही नकोत. जांभळी जीभ बघून "रक्त साकळलंय" असं ऐकून घ्याल!

पहिल्या वेळी आडवंच व्हा. खुर्चीत बसवून खांद्याला सुया घातल्या आणि भोवळ आली तर माणूस सुयांसकट खाली येतो. पहिल्या दिवशी ४ ते ८ सुया, १०-१५ मिनिटं पुरे. पुढे २० ते ३० मिनिटं. सुई बसल्यावर जडपणा, मंद ठणका किंवा मुंग्या येणं अपेक्षित आहे, चिनी भाषेत त्याला द-ची म्हणतात. मात्र करंट लागल्यासारखी कळ बोटापर्यंत गेली तर नसेला धक्का लागलाय. लगेच सांगा, सुई मागे घेतली पाहिजे. सहन करण्यात पुरुषार्थ नाही.

सुया असताना हलू नका, खोकला येणार असेल तर आधी सांगा. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणीतरी हवं. शेकायला लाल दिवा लावतात तो त्वचेपासून निदान ३० सेमीवर असू द्या, धातूची सुई तापते.

गरगरलं, घाम सुटला, जांभया यायला लागल्या तर सगळ्या सुया काढायच्या, डोकं खाली, पाय वर. पाच-दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो.

पांढराडबा
चुका कशा होतात तेही लिहून ठेवते.

सुई अडकली: स्नायू आवळला किंवा सुई एकाच दिशेने फार फिरवली की तंतू तिला गुंडाळतात. ओढायचं नाही. काही मिनिटं थांबून आजूबाजूला हलकं चोळायचं, गरज पडली तर शेजारी दुसरी सुई घालून स्नायू सैल करतात.

सुई वाकली: बहुधा पेशंट हलल्यामुळे. आधी पेशंटला मूळ स्थितीत आणायचं, मग वाकाच्या दिशेनेच काढायची.

सुई तुटली: एकदाच वापरायच्या सुयांमध्ये फार विरळ. तुटते ती दांड्याच्या मुळाशी, म्हणून सुई मुठीपर्यंत पूर्ण आत कधीच घालत नाहीत. थोडा भाग बाहेर दिसलाच पाहिजे.

सुई विसरली: हे मात्र जितकं वाटतं तितकं विरळ नाही. केसांत, कानामागे, पॅन्टच्या घडीखाली. घालताना आणि काढताना मोजून आकडा कागदावर लिहिणं हाच उपाय. तुम्हीही मोजा. अकरा घातल्या आणि दहा निघाल्या तर उठू नका.

काढल्यावर कोरडा कापूस अर्धा मिनिट दाबायचा, चोळायचा नाही. चोळलं की डाग पसरतो. त्याच जर्मन पाहणीत शंभरातल्या ८.६ जणांना काही ना काही त्रास झाला, आणि त्यातला बहुतांश हाच: थोडं रक्त, काळंनिळं. पुढे रक्तदान करायला गेलात तर अर्जावर अ‍ॅक्युपंक्चर घेतल्याचं लिहा, लपवू नका.

देवळाली_कॅम्प
कुणाकडे जायचं याबद्दल कुणीच बोललं नाही. डिप्लोमा तर भिंतीवर चार-चार लावलेले असतात.

नोंदवही
केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद. म्हणून भिंतीवरच्या सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्रांपेक्षा परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस असतील तर त्यांच्या त्यांच्या परिषदेचा क्रमांक आणि शिवाय सुयांचं प्रशिक्षण कुठे, किती काळ घेतलं हेही. नुसती पदवी म्हणजे सुयांचं प्रशिक्षण नव्हे, आणि नुसतं सुयांचं प्रशिक्षण म्हणजे बीपीची गोळी बंद करायचा अधिकार नव्हे.

विम्याचं: आयुष या नावात अ‍ॅक्युपंक्चर येत नाही. "पॉलिसीत आयुष कव्हर आहे" म्हणून गृहीत धरू नका. कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवरच्या हो ला किंमत नाही.

अवांतर: आपल्याकडे हे डॉ. कोटणीसांनी आणलं असा समज आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू नंतर पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले. अनेक संस्थांना कोटणीसांचं नाव आहे ते आदरापोटी.

घाटातली_वळणं
सुई नको, पण तो मळमळीचा बिंदू सांगाल का? कसारा घाट लागला की पोरं पिशव्या मागतात.

निद्रादेवी
पीसी-६. तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं आडवी ठेवा. जिथे तिसरं बोट संपतं तिथे, मूठ किंचित वळल्यावर दिसणाऱ्या दोन दोरीसारख्या शिरांच्या मधोमध. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं, मग दुसरा हात. इगतपुरी सोडायच्या आधी सुरू करा, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. पुरावा ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी भक्कम, गाडी लागण्यासाठी तितका नाही. पण दाबून नुकसान काही नाही. पुढच्या सीटवर बसवा आणि मोबाइल काढून घ्या, हेही करा.

द्राक्षमांडव
शेवटचं. किती सिटिंग आणि कधी थांबायचं?

खांदेपालट
आठवड्यातून एक किंवा दोन, अशी ६ ते १२ हा सर्वसाधारण कोर्स. अमेरिकेचा सरकारी विमा मेडिकेअर २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंग देतो, सुधारणा दिसली तरच आणखी ८. तुम्हीही तेच तत्त्व धरा. पहिल्या दिवशी वहीत लिहा: दुखणं दहापैकी किती, मान वर करून किती मिनिटं काम होतं, रात्री किती वेळा जाग येते. चौथ्या आणि सहाव्या सिटिंगनंतर तेच लिहा. सहापर्यंत आकडे हलले नाहीत तर थांबा. वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नका, पैसे अडकले की माणूस आकड्यांकडे बघत नाही.

आणि विरळणीच्या मजुरांचं म्हणाल तर सुई झाली तरी दुसऱ्या दिवशी तोच मांडव आणि तीच मान. अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात खाली सोडून हनुवटी आत ओढायची, उंची कमी पडणाऱ्याला पायाखाली पाट किंवा क्रेट द्यायचा, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहतात. हे केलं नाही तर सुयांचा खर्च दर हंगामाला ठरलेला.

सूक्ष्मटोक
पहिल्या सिटिंगनंतर दहा-पंधरा मिनिटं बसूनच निघा. काहींना गुंगी येते. दिंडोरी रोडने एकट्याने मोटारसायकलवर परत जायचा बेत असेल तर मागे बसायची तयारी ठेवा.

घाटातली_वळणं
निद्रादेवी, तीन बोटं माझी मोजायची की पोराची?

निद्रादेवी
पोराची. माप नेहमी ज्याचा हात त्याच्याच बोटांचं. तुमच्या तीन बोटांनी मोजलंत तर पार कोपराकडे पोचाल.